होंडाचं इंजिन मरत नाही म्हणतात, मग बाकीच्या गाडीचं काय?

तुमचा प्रश्न असा की दहा-बारा वर्षं जुनी होंडा समोर आलीये, घरचे म्हणतात डोळे झाकून घे, होंडाचं इंजिन मरत नाही, आणि ओळखीचा मेकॅनिक म्हणतो ऑटोमॅटिक असेल तर चार हात लांब रहा, तर यात खरं कोण बोलतंय आणि या कंपनीचं एवढं नाव झालंच कसं. मी इतकी वर्षं हेच काम करतोय, जपानी गाड्या जास्त आणि त्यातही होंडा सगळ्यात जास्त, त्यामुळे जरा लांबण लावून लिहितो, अर्धवट उत्तर देऊन उपयोग नाही.

आधी निकाल सांगून टाकतो, दोघंही खरं बोलतायत. होंडा ही मुळापासून इंजिनवाल्यांची कंपनी आहे, आधी इंजिन, मग त्याच्याभोवती गाडी, आणि जमेल तेवढं सगळं स्वतःच्या डोक्याने करायचं, दुसऱ्याची तयार वस्तू घ्यायची नाही. या एका स्वभावातून त्यांचं सगळं चांगलं आलंय आणि बरंचसं वाईटही त्यातूनच आलंय. म्हणून होंडा चांगली का वाईट असा प्रश्नच विचारू नये, कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, कुठलं वर्ष असं विचारायचं.

हा स्वभाव कुठून आला ते बघा. कंपनी काढणारा सोइचिरो होंडा, जन्म १९०६, जपानमधल्या हमामात्सुजवळच्या खेड्यातला, वडील लोहार. पंधराव्या-सोळाव्या वर्षी टोकियोत आर्ट शोकाई नावाच्या गॅरेजमध्ये उमेदवारीला गेला, म्हणजे हा माणूस आधी मेकॅनिक आणि मग कारखानदार. पुढे पिस्टन रिंग बनवायचं डोक्यात घेतलं, टोयोटाला तपासायला ५० रिंगा दिल्या तर त्यातल्या फक्त ३ पास झाल्या. दुसरा कोणी असता तर धंदा बदलला असता, हा स्वतःचा कारखाना चालवत असताना हमामात्सुच्या टेक्निकल शाळेत जाऊन पोरांबरोबर वर्गात बसला, धातूत काय कमी पडतंय ते शिकला आणि रिंगा जमवल्याच. पिस्टन रिंग ही काय चीज आहे ते ज्याने इंजिन खोललंय त्याला माहितीये, दिसायला साधी कडी, पण जरा माप चुकलं की इंजिन ऑइल खायला लागतं, अशा कामात ज्याचे हात तयार झाले त्याच्या इंजिनात ती नजर दिसणारच.

युद्ध संपल्यावर रिंगांची कंपनी टोयोटाला विकून टाकली आणि १९४६ मध्ये सैन्याची शिल्लक पडलेली रेडिओ-जनरेटरची छोटी इंजिनं घेऊन ती सायकलला बसवून विकायला सुरुवात केली. १९४८ ला होंडा मोटर कंपनी झाली, १९४९ ला ताकेओ फुजिसावा आला, त्याने पैसा आणि विक्री सांभाळली, सोइचिरोने कारखाना. फुजिसावाचं नाव लोकांना फारसं माहीत नसतं पण तो नसता तर ही कंपनी टिकली नसती असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढच्या सगळ्यात मोठ्या भांडणात त्यानेच होंडाला वाचवलं. १९५८ ची सुपर कब ही छोटी मोटरसायकल सगळ्यांना माहीत आहे, २०१७ पर्यंत तिचा आकडा १० कोटींच्या वर गेला, त्यामुळे तिच्यावर जास्त लिहीत नाही.

चारचाकीत यायचा किस्सा मजेदार आहे. १९६० च्या सुरुवातीला जपानच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाच्या मनात होतं की देशात कार कंपन्या खूप झाल्या, आता नवीन कोणाला येऊ द्यायचं नाही, तसा कायदा करायचा घाट चालला होता. होंडाने घाईघाईने १९६३ मध्ये टी३६० हा छोटा ट्रक आणि एस५०० ही स्पोर्ट्स कार बाजारात आणली, म्हणजे कायदा आलाच तर आम्ही आधीपासून कार बनवतोय असं म्हणता यावं. तो कायदा शेवटी झालाच नाही. पण तो ट्रक बघा, भाजी-माल वाहायचा ३६० सीसीचा ट्रक आणि त्याला चार सिलिंडर, डबल ओव्हरहेड कॅम, आणि ताकद निघते ८५०० आरपीएमला. मालवाहू ट्रकला कोणी शहाणा असं इंजिन लावत नाही, होंडाने लावलं, कारण त्यांना तेच बनवता येत होतं आणि तेच आवडत होतं.

आता ते भांडण. सोइचिरोचं ठाम मत की इंजिन हवेनेच थंड करायचं, पाणी कशाला, शेवटी पाणीसुद्धा हवाच थंड करते. मोटरसायकलला ते चाललं, १९६७ च्या एन३६० ला पण चाललं आणि ती गाडी खपली सुद्धा भरपूर, पण १९६९ ला १३०० सीसीची एच१३०० काढली, एअर-कूल्ड, ताकद भरपूर पण इंजिन जड, गुंतागुंतीचं, महाग, गाडी नाकावर जड, विक्री पडली. त्याच्या आदल्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये त्यांच्या एअर-कूल्ड गाडीच्या अपघातात जो श्लेसर हा ड्रायव्हर फ्रान्समध्ये मरण पावला होता. तरुण इंजिनिअर सांगून थकले की प्रदूषणाचे नियम येतायत, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान हातात राहत नाही, धूर साफ होणार नाही. सोइचिरो ऐकेना. शेवटी ते फुजिसावाकडे गेले आणि फुजिसावाने सोइचिरोला सरळ विचारलं की तुला कंपनीचा अध्यक्ष रहायचंय की इंजिनिअर, एक काय ते ठरव. त्याने अध्यक्ष म्हटलं, आणि मग पोरांना पाण्याने थंड होणारं इंजिन करायची परवानगी मिळाली. आज आपण होंडाचं म्हणून जे इंजिन ओळखतो ते या एका संभाषणातून निघालंय.

त्यातून १९७२ ची सिविक आली, छोटी, हलकी, पुढची चाकं ओढणारी, आत जागा भरपूर. आणि तिच्यात लगेचच सीव्हीसीसी इंजिन आलं. अमेरिकेने १९७० मध्ये कायदा केला होता की १९७५ पर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी करा, तिथल्या मोठ्या कंपन्या म्हणत होत्या हे शक्यच नाही. होंडाने काय केलं, मुख्य सिलिंडरच्या वर एक बारकं कप्प्यासारखं चेंबर ठेवलं, त्याला स्वतःचा छोटा तिसरा व्हॉल्व्ह, त्यात पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण सोडायचं आणि मोठ्या चेंबरमध्ये पातळ मिश्रण, जे एरवी प्लगने पेटतच नाही. प्लग छोट्या चेंबरमधलं पेटवतो, तिथून ज्वाळा खाली मारते आणि पातळ मिश्रण हळूहळू पण पूर्ण जळतं. धूर साफ करायला एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावायची गरजच नाही. १९७२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या चाचणीत १९७५ चे नियम पास करणारं हे पहिलं इंजिन ठरलं. जनरल मोटर्सचा (जीएम) सूर होता की खेळण्याएवढ्या इंजिनाला ठीक आहे, मोठ्याला जमणार नाही, तर होंडाने शेवर्लेची ५.७ लिटर व्ही-८ इम्पाला विकत घेऊन जपानला नेली, तिच्यावर सीव्हीसीसीचे हेड चढवले आणि तीही पास करून दाखवली.

आणि मला यातला सगळ्यात आवडता भाग हा की सोइचिरो खुशीत म्हणत होता आता अमेरिकन कंपन्यांना मागे टाकायची संधी आली, तेव्हा इंजिनवर काम करणारी पोरं म्हणाली आम्ही कंपनीसाठी नाही, समाजासाठी करतोय. त्याने ते मनाला लावून घेतलं, आपली वेळ संपली असं ओळखलं आणि १९७३ मध्ये तो आणि फुजिसावा दोघंही बाजूला झाले. मुलाला गादीवर बसवलं नाही. स्वतःचं नाव लावलेली कंपनी अशी सोडून देणारे किती असतात सांगा.

त्याच १९७३ च्या शेवटी तेलाचं संकट आलं, पेट्रोल महागलं, आणि कमी पिणारी सिविक अमेरिकेत सामान्य माणसाच्या दारात उभी राहिली. नाव तिथून झालं. पण त्याच गाड्यांचे पुढचे फेंडर गंजून त्यांना भोकं पडायची, जिथे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तर तीन-चार वर्षांत, आणि शेवटी सरकारी दट्ट्या बसल्यावर कंपनीला अमेरिकेत फेंडर बदलून द्यायला लागले. इंजिन टिकलं, पत्रा गेला. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा तेच दिसतं.

१९७६ ला अकॉर्ड आली, १९८२ ला ओहायो राज्यात मेरीस्विलला कारखाना सुरू झाला, अमेरिकेत कार बनवणारी ही पहिली जपानी कंपनी, आणि १९८९ ला अकॉर्ड तिथली सगळ्यात जास्त खपणारी कार झाली. साधारण १९८८ ते २००० या काळातल्या सिविक आणि अकॉर्ड म्हणजे होंडाचा सुवर्णकाळ असं मी मानतो. छोट्या सिविकला सुद्धा चारही बाजूंनी डबल विशबोन सस्पेन्शन, जे एरवी महागड्या गाड्यांना असायचं, बॉनेट खाली, काच मोठी, बाहेरचं सगळं दिसतं, आणि एका मॉडेलचे पार्ट दुसऱ्याला बसतात. त्याचा तोटा पण झाला, अमेरिकेत या गाड्या वर्षानुवर्षं चोरीच्या यादीत सगळ्यात वर होत्या, कारण चुकीच्या चावीने इंजिन चालू होऊ न देणारा इमोबिलायझर नव्हता आणि सुटे भाग लगेच खपायचे.

१९८९ मध्ये होंडाच्या इंटेग्रा या कारला व्हीटेक आलं. १.६ लिटरमधून १६० घोड्यांची ताकद, टर्बो नाही काही नाही. लोक व्हीटेकला जादू समजतात, खरं तर साधी गोष्ट आहे, कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, दोन प्रकारचे उंचवटे असतात, हळू चालवताना व्हॉल्व्ह कमी उघडतो, आरपीएम वाढले की ऑइलच्या प्रेशरने रॉकरमध्ये एक पिन सरकते, बाजूचे रॉकर मधल्याला जोडले जातात आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्यावर चालायला लागतो, जास्त उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो. आता यातली महत्त्वाची गोष्ट कुठली? ऑइलचं प्रेशर. म्हणजे ज्याने ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा लेव्हल खाली जाऊ दिली त्याची पिन सरकणारच नाही. गाडीला वर पिकअप नाही, चेक इंजिन लागलंय म्हणून लोक महागडे सेन्सर बदलत बसतात, आणि मी व्हीटेक सोलेनॉइड, म्हणजे त्या पिनेकडे ऑइल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह, खोलतो तर आतल्या छोट्या जाळीवर काळा गाळ बसलेला असतो, जाळी साफ, गॅसकेट नवीन, ऑइल नवीन, गाडी पळायला लागते. होंडाचं इंजिन मरत नाही हे खरंय पण ते ऑइलवर जगतं, ऑइल हा त्याच्या यंत्रणेचा चालता भाग आहे.

दुसरी गोष्ट टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला दाबणारा भाग, त्याच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये बारीक अंतर ठेवावं लागतं. बऱ्याच कंपन्यांनी स्वतःहून जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट घेतले, होंडाने आपल्या बहुतेक चार सिलिंडर इंजिनांना स्क्रू आणि नट ठेवला, म्हणजे माणसाने फीलर गेज, म्हणजे मापाची पातळ पाती, घालून सेट करायचा. हे काम इंजिन पूर्ण थंड असताना करायचं असतं, त्यांच्या मॅन्युअलमध्ये ३८ अंशांच्या खाली असं लिहिलेलं असतं, गाडी नुकतीच चालवून आणली आणि लगेच टॅपेट सेट केले तर ते काम फुकट. इनटेकला साधारण ०.२ मिमी, एक्झॉस्टला त्याहून थोडं जास्त, नेमकं माप इंजिनप्रमाणे बदलतं ते बघूनच घ्यावं. पाती आत सरकवली की ती किंचित ओढल्यासारखी जाणवली पाहिजे, सैल पळता कामा नये आणि अडकताही कामा नये, आणि नट आवळताना स्क्रू हमखास फिरतो म्हणून आवळल्यावर परत पाती घालून बघायची, जो परत बघत नाही त्याच्याकडे गाडी देऊ नका.

आता यात एक गोष्ट सगळ्या होंडावाल्यांनी डोक्यात ठेवावी. टॅपेटचा टकटक आवाज आला की मालक घाबरतो, पण आवाज करणारा व्हॉल्व्ह फार नुकसान करत नाही. धोका गप्प बसलेल्या व्हॉल्व्हचा असतो. वापराने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या सीटमध्ये वर रुतत जातो, अंतर कमी होत जातं, आवाज अजिबात नाही, उलट इंजिन छान शांत वाटतं, आणि एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, त्याच्या कडेने जळता गॅस निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. गाडी न्यूट्रलला थरथरते, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं, आणि मग हेड उतरवायचा खर्च. म्हणून आवाज असो नसो, लाख-दीड लाख किमीला टॅपेट तपासून घ्या. हे काम कमी लोक करतात कारण वेळ जातो आणि बिलात नवीन पार्ट दिसत नाही. गॅसवर चालवलेल्या गाडीत तर त्याच्याही खूप आधी.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या फिरण्याबरोबर कॅम फिरवणारा पट्टा, त्याचं पण बघा, जुन्या चार सिलिंडरला बेल्ट, २००० नंतर आलेल्या के, आर आणि एल सिरीजच्या इंजिनांना चेन, व्ही-६ ला पुढेही बरीच वर्षं बेल्टच. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, त्यामुळे बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला, आणि बदलताना पाण्याचा पंप बरोबरच बदला.

आता गिअरबॉक्स. मॅन्युअलबद्दल मला तक्रारच नाही, गिअर पडतो तो असा पडतो की बाकीच्यांनी शिकावं. ऑटोमॅटिकमध्ये मात्र तो स्वभाव नडला. जगातल्या बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये प्लॅनेटरी गिअर असतात, होंडाने बरीच वर्षं ती वाट घेतलीच नाही, मॅन्युअलसारखे समांतर शाफ्ट, त्यावर नेहमी गुंतलेले गिअर आणि प्रत्येक गिअरला हायड्रॉलिक क्लच, अशी स्वतःची रचना काढली. चार सिलिंडरच्या हलक्या गाडीत ती चांगली चालली, आजही चालणाऱ्या आहेत. पण तीच पद्धत मोठ्या व्ही-६ ला आणि जड गाड्यांना लावली तेव्हा गडबड झाली, साधारण १९९९ ते २००३ च्या ओडिसी, व्ही-६ अकॉर्ड, ॲक्युरा (होंडाचाच महागडा ब्रँड) टीएल, यांचे गिअरबॉक्स लाखभर किमीच्या आत जायला लागले. अमेरिकेत वॉरंटी ७ वर्षं किंवा १,००,००० मैलांपर्यंत वाढवली, आणि २००४ ला १० लाखांहून जास्त गाड्यांचा रिकॉल आला, म्हणजे कंपनीने त्या दुरुस्तीला परत बोलावल्या, कारण दुसऱ्या गिअरला ऑइल पुरेसं पोचत नव्हतं, तो तापून दात तुटायचे, उपाय म्हणून ऑइलचा जास्तीचा जेट बसवून दिला. त्या काळातली व्ही-६ ऑटोमॅटिक कोणी स्वस्तात देत असेल तरी नको म्हणा, तुमचा मेकॅनिक म्हणतो ते याच गाड्यांवरून आलेलं आहे.

पण सगळ्याच ऑटोमॅटिकना त्या माळेत ओवू नका. २००५ नंतरच्या चार सिलिंडर आणि पाच गिअरवाल्या अकॉर्ड, सिविक, सीआर-व्ही यांचे बॉक्स मी वेळेवर ऑइल बदललेले असतील तर तीन लाखांच्या पुढे गेलेले बघितलेत. होंडाचा बॉक्स ऑइलच्या बाबतीत फार हट्टी असतो, कंपनीचंच ऑइल पाहिजे, सगळ्या गाड्यांना चालतं असं लिहिलेला डबा ओतला की पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके सुरू. बदलायची पद्धत सोपी आहे, ड्रेन करायचं आणि भरायचं, एका वेळी सगळं निघत नाही म्हणून फार जुनं असेल तर थोडं चालवून परत, असं दोन-तीनदा. मशीन लावून प्रेशरने फ्लश करू नका. सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक, असेल तर तिचं ऑइल वेगळं, ते चुकलं तर बॉक्स गेलाच समजा. ड्रेन प्लगला लोहचुंबक असतो, त्यावर मऊ राखाडी चिखल दिसला तर ठीक, खडे किंवा चकत्या दिसल्या तर गाडी तिथेच सोडा.

जपानमध्ये २०१३ च्या फिट हायब्रिडला सात गिअरचा, दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक बॉक्स लावला तेव्हा पुन्हा हेच, साधारण वर्षभरात पाच रिकॉल. त्याच्या उलट त्यांची पुढची हायब्रिड, ज्यात इंजिन जनरेटर फिरवतं, मोटर चाकं फिरवते आणि हायवेला एक क्लच इंजिन सरळ चाकांना जोडतो, ती मला फार आवडते, कारण तिथे नेहमीचा गिअरबॉक्सच नाहीये, म्हणजे होंडाचा नाजूक भागच काढून टाकलाय. जुन्या हायब्रिड, १९९९ ची इन्साइट आणि नंतरच्या सिविक हायब्रिड, त्यांच्या बॅटऱ्या मात्र लवकर थकायच्या.

इंजिन मरत नाही याला अपवाद पण आहेत, ते लपवून चालणार नाही. २००६ ते २००९ च्या काही सिविकमध्ये १.८ लिटर इंजिनच्या ब्लॉकलाच बारीक चीर पडून कूलंट गळायचा, कंपनीने त्याची वॉरंटी १० वर्षं केली होती, आता तीही संपली, तेव्हा या वर्षांची सिविक बघत असाल तर ब्लॉकवर वाळलेल्या कूलंटचे डाग शोधा. व्ही-६ मध्ये पेट्रोल वाचवायला काही सिलिंडर बंद करायची पद्धत आणली, त्यातले २००८ ते २०१३ चे बरेच ऑइल खायला लागले, प्लग काळे, इंजिन मिसिंग. आणि अलीकडच्या १.५ टर्बोमध्ये थंड प्रदेशात छोटे छोटे फेरे मारले की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर लेव्हल खाली जायच्या ऐवजी वर चढलेली आणि वासाला पेट्रोल. चीन आणि अमेरिकेत यावर बराच गदारोळ झाला. टर्बो घ्यायची असेल तर ऑइल लवकर बदला आणि अधूनमधून लांबचा फेरा मारा म्हणजे ते पेट्रोल उडून जाईल.

बाकी किरकोळ म्हणावं असं. जुन्या, १९९० च्या आसपासच्या होंडा भर उन्हात उभ्या राहिल्या की चालू होत नाहीत आणि संध्याकाळी आपोआप होतात, ते भूत नाही, तो पेट्रोल पंपाला वीज देणारा डॅशबोर्डखालचा मेन रीले असतो, त्याच्या आतल्या सोल्डरला तडा जातो, गरम झाला की संपर्क सुटतो. चावी फिरवल्यावर मागून पेट्रोल पंपाचा दोन सेकंदांचा गुणगुण आवाज आला नाही तर तोच, आतले जोड नीट सोल्डर केले की काम होतं. ऑटोमॅटिकमध्ये गिअर डी (ड्राइव्ह) वर ठेवून ब्रेक दाबून उभे असताना स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा इंजिनची माउंटिंग गेलेली असते. रस्त्याचा आवाज आत येतो, पत्रा पातळ, रंगाचा वरचा थर काही वर्षांच्या गाड्यांवर उन्हाने सोलून निघतो. हे सगळं खरंय आणि कंपनीने यात कधी मनापासून लक्ष घातलं असं मला वाटत नाही.

तर तुमची गाडी. मॅन्युअल, चार सिलिंडर, ऑइल बदलल्याची बिलं असतील तर बिनधास्त घ्या, किमी जास्त दिसले तरी घाबरू नका, मी दोन लाख झालेली बिलांसकट गाडी घेईन, ऐंशी हजारांची बिनबिलांची घेणार नाही. ऑटोमॅटिक असेल तर वर लिहिलेली वर्षं सोडून बघा, थंड असताना आणि चांगली गरम झाल्यावर दोन्ही वेळा चालवा, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं घोंघावून मग गिअर पकडला तर व्यवहार थांबवा. मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, कारण चेनचा किंवा व्हॉल्व्ह टायमिंग ॲक्च्युएटरचा खरखर आवाज पहिल्या एक-दोन सेकंदांतच येतो, इंजिन एकदा चालू होऊन ऑइल चढलं की तो लपतो. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडून पाणी बघा, तांबूस किंवा तेलकट असेल तर नको.

आणि एअरबॅग, हा विषय मी मुद्दाम वेगळा ठेवलाय. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट होतं, उष्णता आणि दमटपणाने ते वर्षानुवर्षं बिघडत जातं आणि एअरबॅग उघडताना धातूची डबीच फुटून तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. ताकाताचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होंडा होती, २००९ मध्ये अमेरिकेतला पहिला मृत्यू २००१ च्या अकॉर्डमध्ये झाला, आणि मृत्यू-जखमींच्या नोंदी सरकारला वेळेवर दिल्या नाहीत म्हणून २०१५ मध्ये होंडाला ७ कोटी डॉलर दंड झाला. माझ्या मते कंपनीच्या सगळ्या इतिहासात हा सगळ्यात काळा भाग आहे, इंजिन कितीही चांगलं असलं तरी याला माफी नाही. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि ॲक्युरामध्ये तर ड्रायव्हरची एअरबॅग चाचणीत निम्म्या वेळा फुटत होती आणि अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने या गाड्या चालवूच नका असं जाहीर सांगितलं. तुमची गाडी नंतरची असली तरी चॅसिस नंबर कंपनीच्या रिकॉल यादीत टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, बदलायची बाकी असेल तर ते फुकट करून देतात, आणि ते होईपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढू नका, जुन्या मालकाने केलंय असं नुसतं तोंडी सांगितलं तर ते धरू नका, कागद मागा.